वादीच्या निधनानंतर जमिनीचा दावा: वारस दाखल्यासाठी थांबू नका

आपल्या वडिलांनी शेतजमिनीवरील अतिक्रमणाविरुद्ध लावलेला ताब्याचा दावा चालू असताना १२ मार्चला त्यांचे निधन झाले, सातबाऱ्यावर वारस नोंद अजून व्हायची आहे आणि धाकटे बंधू सही करायला तयार नाहीत, म्हणून वारस दाखला मिळेपर्यंत थांबावे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की थांबू नये; चार महिने उलटल्यामुळे आता एकेक दिवस मोलाचा आहे.

जमिनीचा हक्क वादीबरोबर संपत नाही, त्यामुळे दावाही आपोआप संपत नाही. मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २२, नियम ३ प्रमाणे वारसांनी रेकॉर्डवर येण्यासाठी अर्ज करावा लागतो आणि मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२० नुसार त्यासाठी मृत्यूच्या तारखेपासून ९० दिवस मिळतात. आपल्या बाबतीत ते १० जूनला संपले. त्या दिवसानंतर न्यायालयाने वेगळा आदेश केला नसला तरी दावा अबेट होतो, म्हणजे कायद्याने संपुष्टात येतो, आणि नियम ९ प्रमाणे त्याच कारणासाठी नवा दावा लावता येत नाही. मनाईहुकूम मिळालेला असेल तर तोही दाव्याबरोबरच जातो.

तरीही वाट बंद झालेली नाही. अनुच्छेद १२१ प्रमाणे दावा अबेट झाल्यापासून ६० दिवसांत, म्हणजे आपल्याला ९ ऑगस्टपर्यंत, अबेटमेंट रद्द करण्याचा अर्ज देता येतो. त्यात उशिराचे पुरेसे कारण मात्र दाखवावे लागते. ती तारीखही हुकली तर मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो. केवळ वारसांना दाखल करून घेण्याची विनंती असली तरी तीत अबेटमेंट रद्द करण्याची विनंती अंतर्भूत मानता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली म्हटले आहे. परंतु हा आधार अडचणीतून सुटण्यासाठी आहे, आपण अर्जात दोन्ही मागण्या स्पष्ट लिहाव्यात.

माझ्या वडिलांच्या दाव्यात आम्ही नेमकी हीच चूक केली. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरील वारस नोंद, मंजूर झाला की न्यायालयात नाव आपसूक लागेल, असे आम्ही धरून बसलो आणि विलंब माफीसाठी पुढे वर्षभर तारखा घेतल्या. फेरफार महसुली नोंदीपुरता असतो. न्यायालयातील अर्जाला मृत्यूचा दाखला, वारसांची नावे, वये, पत्ते सांगणारे शपथपत्र आणि नवे वकीलपत्र पुरते. वारस कोण याविषयी वाद निघाला तर नियम ५ खाली न्यायालय त्याच दाव्यात चौकशी करते, आणि तो निर्णय दावा चालवण्यापुरता असतो. त्याने मिळकतीतील कोणाचा हिस्सा ठरत नाही.

नावे देताना कोणालाही वगळू नका. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आपली आई, विवाहित बहिणी, आणि आजी हयात असेल तर तीही, वर्ग एकच्या वारस आहेत. बहिणींनी हक्क सोडणार असल्याचे तोंडी सांगितले आहे म्हणून त्यांची नावे गाळणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, शिवाय प्रतिवादीच्या हातात आयता आक्षेप देणे आहे. धाकट्या बंधूंची सही नसली तरी काही अडत नाही, कारण सोबत येण्यास नकार देणाऱ्या वारसाला प्रतिवादी म्हणून सामील करता येते.

आपण दाव्यात वडिलांच्या जागी उभे राहाल, त्यामुळे त्यांच्या वादपत्रातील म्हणण्यापेक्षा वेगळा स्वतंत्र हक्क याच दाव्यात सांगता येणार नाही. त्यांचे सरतपासणीचे, म्हणजे स्वतःच्या साक्षीचे, शपथपत्र दाखल होऊन प्रतिवादीकडून होणारा उलटतपास राहिला असेल, तर त्यावर फार भिस्त ठेवू नका. जमिनीची वहिवाट ज्याला प्रत्यक्ष माहीत आहे अशा वारसाने स्वतः साक्ष द्यावी आणि मोजणीचा नकाशा शाबीत करून घ्यावा. वडिलांनी कोणाला कुलमुखत्यारपत्र दिले असेल तर ते त्यांच्या निधनाबरोबर संपले आहे, तेव्हा त्या व्यक्तीने त्या अधिकारात यापुढे कोणत्याही अर्जावर किंवा पुरसिसीवर (न्यायालयाला द्यायच्या लेखी निवेदनावर) सही करू नये.