'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' या विज्ञानकथा मालिकेतल्या व्हॉयेजर यानावर होलोडेक (खरं वाटेल असं आभासी जग उभं करणाऱ्या खोल्या) दोनच, मग दीडशे माणसांना ते पुरायचे कसे?

एकेकट्याच्या वाट्याला वेळ तुटपुंजाच येत असणार. पण मालिकेत यावर छान तोडगा दिसतो: सामायिक प्रोग्राम, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायचं आभासी जग. यानाचा वैमानिक टॉम पॅरिसचा सँड्रिन बार किंवा पुढे त्यानेच उभं केलेलं फेअर हेवन हे आयरिश गाव सगळ्यांना खुलं होतं. एकाच खोलीत वीसजण रमले की रांग आपोआप आखडते. मला हे मनापासून पटतं, कारण घरापासून ७०,००० प्रकाशवर्षं दूर फेकल्या गेलेल्या माणसांना एकांताहून सोबत जास्त हवी असते.

आणि वीज वाचवायला होलोडेक बंद का नाही केले? त्यांची ऊर्जा यानाच्या इतर यंत्रणांना चालतच नाही, असं 'पॅरालॅक्स' या भागात सांगितलंय. म्हणून रेप्लिकेटरवर (अन्न आणि वस्तू तयार करणाऱ्या यंत्रावर) रेशन आलं, तरी होलोडेक चालू राहिले.