येणार नसशील तरच फोन कर

डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांना अडचण विचारली, तर आजाराबद्दल बोलणारे थोडेच निघतात. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी), फिस्टुला (सुया टोचण्यासाठी हातात जोडून तयार केलेली रक्तवाहिनी), ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन) हे शब्द त्यांच्या तोंडी कधीच रुळलेले असतात. अडकतात ते एकाच ठिकाणी: "न्यायचं-आणायचं कसं?" आठवड्याला तीन डायलिसिस म्हणजे वर्षाला 156. जाणं-येणं धरलं तर 312 फेऱ्या. ऑपरेशनसाठी अख्खं गाव गाडी घेऊन धावतं, पण तीनशेबाराव्या फेरीला कोण येणार? यावर प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अण्णा अठ्ठावन्न वर्षांचे. वडूजच्या पुढचं गाव, डायलिसिस साताऱ्यात, म्हणजे जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या वर. वार मंगळवार, गुरुवार, शनिवार. सिस्टरांनी त्यांना माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, पाठवलं ते "पाणी फार पितात, ऐकत नाहीत, समजावून सांगा" अशा निरोपासह. मंगळवारी पाच-पाच किलो वजन वाढवून यायचे, पायऱ्या चढताना धाप लागायची. हजेरीचा कागद पाहिला तर दोन महिन्यांत सहा शनिवार गैरहजर. शनिवार चुकला की गुरुवारनंतर थेट मंगळवार, म्हणजे पाच दिवसांनी. एवढ्या दिवसांत लघवी न होणाऱ्या माणसाच्या अंगात पाणी साठणारच, पोटॅशियम चढणारच. प्रश्न पाण्याच्या तांब्याचा नव्हता, शनिवारचा होता.

"शनिवारी काय होतं, अण्णा?"

"पुतण्याची गाडी आसती. त्याला काम निघतं."

मंगळवारी मुलाची साप्ताहिक सुट्टी, तो गाडी ठरवून न्यायचा. गुरुवारी मेहुणे. शनिवार पुतण्याच्या वाट्याला. त्याची गाडी भाड्याने चालते आणि शनिवार लग्नाकार्यांचा. सगळं पटण्यासारखं होतं, म्हणूनच घरात कुणी पुढे विचारलं नव्हतं. मुलाला वाटायचं, बाबा कंटाळले. काकूंना, म्हणजे अण्णांच्या पत्नीला वाटायचं, पुतण्या बदलला. घराघरांत हे असंच चालतं: गाडी मिळत नाही तेव्हा प्रत्येक जण दुसऱ्याच्या मनात कारण शोधतो.

तिसऱ्या बैठकीला काकू एकट्या आल्या आणि पदरात गुंडाळलेला अण्णांचा साधा बटणांचा मोबाइल त्यांनी टेबलावर ठेवला. "ताई, हे बगा. शुक्रवारी सांजच्याला ह्ये फोन घेऊन आंगणात जात्यात. आत येऊन म्हंत्यात, त्याला काम हाय. मी नातीला यादी वाचाय लावली. फोन लावल्यालाच न्हाई."

सहा शुक्रवार. एकही फोन लावलेला नाही.

माझ्या कामात मी माणसाला त्याच्या घरापासून वेगळं करून पाहत नाही. एकट्या अण्णांना घेऊन बसले असते, तर नैराश्याच्या प्रश्नावल्या भरत राहिलो असतो. पुढच्या बैठकीला पुतण्याला बोलावलं. मोबाइलचा विषय मी काढला नाही. त्याला एवढंच विचारलं, "शनिवारी तुला जमत नाही का?"

तो गोंधळला. "मला? काकांचा फोनच येत न्हाई. मला वाटलं, दुसरी सोय झाली आसंल."

अण्णा खाली बघत टोपी मांडीवर सारखी करत राहिले. मीही गप्प बसले, कारण अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये, हे शिकायला वर्षं जातात. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "आजारी पडायची न्हाई लाज वाटत. दर आठवड्याला तेच मागायची वाटती. त्यो न्हाई म्हणत न्हाई, त्याचंच वाईट वाटतं."

हे त्यांच्या तोंडून आलं आणि गुंता सुटला. अंतर, पैसा, गाडी हे सगळं नंतरचं. माणूस थकतो तो दर खेपेला नव्याने विचारून. होकार मिळत असला तरी विचारावं लागतंच, आणि 312 वेळा विचारण्याइतका निर्ढावलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्यामुळे इलाज मन घट्ट करण्यात नव्हता, विचारणंच काढून टाकण्यात होता. आम्ही फोनची दिशा उलटवली. ठरलेल्या वारी गाडी येणार हे गृहीत धरायचं. अण्णांनी फोन करायचा नाही. जमणार नसेल तर पुतण्याने आदल्या दिवशी सकाळी दहाच्या आत कळवायचं. सकाळी दहा अशासाठी, की दुसरी सोय लावायला दिवस हातात राहतो.

मग पैशांचा विषय. पुतण्या घेईना. नातेवाइकाचं "पैसे नकोत" ऐकायला गोड असतं, पण चारेक महिन्यांत त्याला वास यायला लागतो: गाडी उशिरा आली तर बोलता येत नाही, न आली तर विचारता येत नाही. ठरलेली रक्कम दिली की रुग्णाला "आज उशीर का?" म्हणायचा हक्क राहतो. फेरीचे 1,200 ठरले, महिन्याच्या एक तारखेला, अण्णांच्याच हातून.

इथपर्यंत मनाचं काम झालं. बाकीचं वेळापत्रकाचं, आणि सल्ला म्हणून तेच जास्त उपयोगाचं आहे.

लोक आधी गाडी शोधतात आणि मग डायलिसिसची मिळेल ती शिफ्ट सोसतात. क्रम उलटा हवा. अण्णांची शिफ्ट संध्याकाळी पाचची होती. सुटायला नऊ, त्यानंतर गावाकडे एसटी नाही, म्हणून प्रत्येक वेळी गाडीच लागायची. शिफ्ट बदलून मागता येते, त्यासाठी नाव लावून ठेवायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. युनिटच्या इन्चार्जकडे लेखी विनंती दिली आणि तीन आठवड्यांत दुपारची शिफ्ट मिळाली. हिशेब करताना डायलिसिस चार तासांचं म्हणून चारच तास धरू नका. साडेअकराला मशीन लागलं तर साडेतीनला सुटतं. पुढे सुया काढून दहा-पंधरा मिनिटं दाबून धरणं, वजन, उभं करून बीपी, चार घास खाणं. दाराबाहेर पडायला साडेचार होतात. गाडीवाल्याला साडेतीनची वेळ दिली की त्याची चिडचिड आणि थांबण्याचे जादा पैसे, दोन्ही ओढवून घेतो.

दुसरं, त्याच रस्त्यावरचा दुसरा रुग्ण शोधा. युनिटमध्ये सगळ्यांचे पत्ते असतात, पण ते तुम्हाला देता येत नाहीत. सिस्टरांना म्हणा, "पुसेगावकडचं कुणी असेल तर माझा नंबर त्यांना द्या." तसे एक निवृत्त गुरुजी निघाले. त्यांचा मुलगा साताऱ्यात कामाला, रोज पाचला स्वतःच्या गाडीने परत जाणारा. असा रोज त्याच वाटेने जाणारा माणूस भाड्याच्या गाडीपेक्षा भरवशाचा, कारण त्याला घरी जायचंच असतं. आता मंगळवारी पुतण्याच्या गाडीतून दोघं जातात-येतात, भाडं निम्मं-निम्मं. गुरुवारी आणि शनिवारी परतताना गुरुजींच्या मुलाच्या गाडीतून पुसेगाव, आणि तिथून पुढे पुतण्या. देणं-घेणं दोन्हीकडून असल्याने उपकाराची भाषाच उरली नाही. फक्त परतीसाठी साताऱ्याला भाड्याची गाडी बोलावली असती, तर भाडं निम्मं झालं नसतं. एका बाजूने रिकामी धावलेली गाडीही डिझेल खातेच.

जाणं आणि येणं वेगळं मोजा. जाताना बहुतेकांना एसटी झेपते, येताना झेपत नाही, कारण दोन-तीन लिटर पाणी काढल्यावर बीपी पडतो, पायात गोळे येतात, उभं राहिलं की अंधारी येते. अपवाद लांब खाडा पडल्यानंतरच्या वाराचा. मंगळ-गुरू-शनिवाल्यांचा तो मंगळवार, सोम-बुध-शुक्रवाल्यांचा सोमवार. त्या दिवशी अंगात सर्वांत जास्त पाणी असतं, स्टँडपासून चालतानाही दम लागतो. पैसे एकाच दिवसापुरते असतील तर ते त्या दिवशी खर्च करा.

एसटीत डायलिसिसच्या रुग्णांना साध्या गाडीत मोफत प्रवासाची सवलत आहे. सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांबरोबरच ती दिलेली आहे. कोणतं प्रमाणपत्र लागतं आणि कोणत्या गाडीला चालतं, हे आगारात आधी विचारून घ्या. वाहकाशी धावत्या गाडीत वाद घालून डायलिसिसला पोचू नका. सोबतीला जाणाऱ्या बाईला 2023 पासून अर्धं तिकीट आहेच, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून मोफत. रेल्वेत डायलिसिससाठी जाणाऱ्याला आणि एका सोबत्याला सेकंड व स्लीपरला 75 टक्के सूट मिळते, मात्र प्रमाणपत्र रेल्वेच्या नमुन्यात हवं. साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला आहे, तेव्हा पुढच्या रिक्षाचे पैसेही मोजा.

108 ला नेहमीच्या डायलिसिससाठी फोन करून लोक चिडतात. ती गाडी तातडीची. झोपता येत नाही इतकी धाप, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, फिस्टुलाचं न थांबणारं रक्त, यासाठीच ती मागा, आणि तेव्हा मात्र ठरलेल्या गाडीची वाट बघत बसू नका. 102 गरोदर बायका आणि लहान बाळांसाठी.

मोटरसायकलवर रुग्णाला मध्ये घेऊन तिघांनी जाणं मी रोज बघते. जाताना एकवेळ निभावतं. येताना बीपी पडला की माणसाची पकड सुटते आणि मागच्याला ते कळेपर्यंत उशीर होतो. चारचाकीत रुग्णाला मागे बसवा, फिस्टुलाचा हात आतल्या बाजूला, दाराकडे नको. त्या हातावर पिशवी नको, डोकं टेकवून झोपणं नको. एक छोटी पिशवी कायम भरलेली ठेवा: निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, उलटीसाठी प्लास्टिकच्या पिशव्या, शाल (अनेकांना थंडी भरते), मधुमेह असेल तर साखर. वाटेत सुईच्या जागेतून रक्त आलं तर गॉज ठेवून दोन बोटांनी नेमक्या जागी पंधरा मिनिटं दाबा. सारखं उचलून बघू नका आणि दंडाला फडकं आवळू नका, त्याने फिस्टुलाच बंद पडू शकतो. डायलिसिसमध्ये रक्त पातळ ठेवायचं औषध दिलेलं असतं, म्हणून थोडा वेळ लागतो.

आणि गाडी हुकलीच तर? पुढच्या वाराची वाट बघायची नाही. लगेच युनिटला फोन करून त्याच दिवशीची उशिराची किंवा दुसऱ्या दिवशीची जागा मागायची, तोवर मीठ, पाणी आणि फळं आवरायची. 2021-22 च्या एसटी संपात ज्यांच्याकडे दुसरा नंबर नव्हता त्यांचे हाल झाले. आमच्या रस्त्याला तर दरवर्षी ठरलेल्या अडचणी आहेत: पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा आणि गळीत हंगामातले उसाचे दोन-दोन ट्रेलर. वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर त्या दिवसांवर खूण करून तास-दीड तास आधी निघायचं. घराजवळ डायलिसिस सुरू झालं आहे का, हेही अधूनमधून विचारत राहा. 2016 च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमापासून जिल्हा रुग्णालयांतून सोय वाढली आहे. बदलून जायचं तर एचआयव्ही, कावीळ बी आणि सी यांचे ताजे रिपोर्ट लागतात, कारण त्यावरून मशीन ठरतं. पोटातून घरीच करायचं डायलिसिस जमेल का, हा प्रश्न डॉक्टरांना एकदा तरी विचाराच. बरेच जण संकोचाने विचारत नाहीत.

अण्णांच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशी एक वही टांगली आहे. नातीने आखलेली. वार, जाणार कशाने, येणार कशाने, आणि शेवटच्या रकान्यात "नंबर दोन". शनिवारच्या नंबर दोनला पुसेगाव स्टँडवरचा वडापवाला (शेअर जीपवाला) आहे. गेल्या तीन महिन्यांत एकही शनिवार बुडालेला नाही. मंगळवारचं वाढीव वजन अडीच किलोच्या आसपास असतं आणि पाण्यावरून सिस्टर आता बोलत नाहीत.

लग्नसराईत एका शुक्रवारी सकाळी नऊला पुतण्याचा फोन आला, उद्या वऱ्हाड आहे. अण्णांनी "बरं" म्हणून ठेवला आणि वही बघून वडापवाल्याचा नंबर लावला. सोप्यात बसूनच लावला, अंगणात गेले नाहीत, हे काकूंनी मला दोनदा सांगितलं.