गादीची गरज संपली, जाहिराती जाईनात

प्रश्न : ताई, माझी आई फेब्रुवारीत गेली. शेवटचे पाच महिने ती अंथरुणावरच होती. पाण्याची गादी, वॉकर, मोठ्यांचे डायपर, सगळं मी आणि माझी पत्नी फोनवरच शोधायचो. आता चार महिने झाले, तरी माझ्या फोनवर, ऑफिसच्या लॅपटॉपवर, बाबांच्या टॅबवर तीच साधनं दिसतात. परवा बाबा हॉलमधल्या टीव्हीवर यूट्यूब लावून कीर्तन ऐकत होते. मध्येच रुग्णाच्या पलंगाची जाहिरात लागली आणि ते उठून आत गेले. मी डीएनडी केलं, एका संकेतस्थळावर जाऊन ‘ऑप्ट आउट’ केलं, रोज रात्री ब्राउझरमधल्या कुकीज पुसतो. तरी दुसऱ्या दिवशी तेच. गादी कुणाला तरी देऊन टाकू असं घरात बोललो, तर जाहिराती आणखी वाढल्या. फोन आमचं बोलणं ऐकतो का? आणि मुलगी तेरा वर्षांची आहे, तिच्या फोनचं काय करू?
— एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : बाबा उठून आत गेले, हे वाचल्यावर मी तुमचं पत्र थोडा वेळ बाजूला ठेवलं. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा आमच्या एरंडवण्यातल्या घरीही हेच चाललं होतं. माझे यजमान महिनाभर टॅब हातात घेत नव्हते. त्यामुळे हे उत्तर जरा सविस्तर लिहिते.

आधी तुम्ही केलेल्या उपायांबद्दल. डीएनडी, म्हणजे १९०९ वर केलेली नोंदणी, ही फक्त जाहिरातींचे फोन आणि एसएमएस थांबवण्यासाठी आहे. इंटरनेटवरच्या जाहिरातींशी तिचा काही संबंध नाही. दुसरं, त्या संकेतस्थळावरचं ‘ऑप्ट आउट’. तुमचा नकार तिथे साठवला जातो तो त्याच ब्राउझरमध्ये, एका कुकीच्या, म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्याशा नोंदीच्या रूपात. रात्री तुम्ही सगळ्या कुकीज पुसता, तेव्हा तो नकारही पुसला जातो. शिवाय फोनवरच्या क्रोममध्ये दिलेला नकार लॅपटॉपवरच्या फायरफॉक्सला माहीत नसतो. तुमच्या प्रयत्नात कसूर नव्हती, पण ते पुन्हा पुन्हा धुऊन निघत होते.

मग एका फोनवर शोधलेली गादी टीव्हीपर्यंत कशी पोचते? मुख्यतः खात्यामुळे. तुमच्या फोनवर, लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये आणि बहुधा बाबांच्या टॅबवर एकच गूगल खातं असणार. टॅब सुरू करून देताना मुलं आपलंच खातं घालतात, हे मी शनिवारी ज्येष्ठांना मदत करायला बसते तिथे दर आठवड्याला पाहते. म्हणून आज संध्याकाळी एक कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येक पडद्यावर कोणाचं खातं आहे ते लिहून काढा. टीव्हीवरच्या यूट्यूबमध्ये कोपऱ्यातल्या चित्रावर जाऊन नाव पाहा. तिथे आईंचं नाव निघालं तर दचकू नका. आमच्याकडे तसंच निघालं होतं, आणि टीव्ही तपासायचा राहून गेल्यामुळे पुढे तीन आठवडे आम्ही त्याच जाहिराती पाहिल्या.

त्या कागदावरच्या प्रत्येक खात्यात हे करा. गूगल खात्यातल्या ‘डेटा अँड प्रायव्हसी’मधून ‘माय ॲड सेंटर’ उघडा. गूगलने ही सोय २०२२ मध्ये आणली. तिथे वरच ‘पर्सनलाइज्ड ॲड्स’ असं बटण आहे, ते बंद करा. खात्याची ही निवड त्या खात्याने साइन इन केलेल्या सगळ्या उपकरणांना लागू होते, आणि कुकीज पुसल्या तरी जात नाही. त्याच जागी काही नाजूक विषयांच्या जाहिराती कमी करण्याची सोय आहे : मद्य, जुगार, डेटिंग, वजन घटवणं, गरोदरपण आणि पालकत्व. आजारपणाची साधनं त्या यादीत नाहीत. ती असायला हवीत असं मला मनापासून वाटतं. नाहीत, म्हणून तुम्ही सरळ मुख्य बटणच बंद करा. मग ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’ आणि यूट्यूबचा इतिहास यांत जाऊन आजारपणाच्या महिन्यांतल्या नोंदी पुसा आणि तीन महिन्यांपेक्षा जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातील असा पर्याय लावून ठेवा.

आईंचं खातं मात्र घाईने काढून टाकू नका. फक्त जाहिरातींचं बटण बंद करा आणि टीव्हीवरून ते खातं साइन आउट करा. त्यात त्यांचे फोटो असतील. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल बंद करू शकतं आणि त्यातलं सगळं जाऊ शकतं. ‘गूगल टेकआउट’मधून फोटो उतरवून एखाद्या हार्ड डिस्कवर ठेवा. हे काम या महिन्यातच करा.

खात्यानंतर उपकरणं. प्रत्येक अँड्रॉइड फोनला आणि टॅबला जाहिरातींसाठी एक ओळख क्रमांक असतो, आणि निरनिराळी ॲप्स त्यावरून तुम्हाला ओळखतात. सेटिंग्जमध्ये ‘गूगल’, मग ‘ॲड्स’, आणि तिथे ‘डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी’. नव्या फोनमध्ये मधे ‘ऑल सर्व्हिसेस’ अशी आणखी एक पायरी लागते. एकदा पुसला की ॲपने मागितल्यावर त्याला नुसती शून्यं मिळतात. घरात आयफोन असेल तर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मधल्या ‘ट्रॅकिंग’मध्ये ‘अलाउ ॲप्स टू रिक्वेस्ट टू ट्रॅक’ बंद करा. एप्रिल २०२१ पासून तिथे ॲपला परवानगी मागावीच लागते. त्याच पानावर खाली ‘ॲपल ॲडव्हर्टायझिंग’ आहे, तेही बंद करा. लॅपटॉप ऑफिसचा आहे, तर त्यावरून तुमचं घरचं खातं काढून टाका, एवढं पुरे.

ब्राउझरमध्ये ‘थर्ड-पार्टी कुकीज’, म्हणजे आपण उघडलेल्या संकेतस्थळाखेरीज इतरांनी ठेवलेल्या कुकीज, अडवा. सफारी २०२० पासून त्या आपोआप अडवतं. क्रोम त्या काढून टाकणार म्हणून चार वर्षं बोललं गेलं, पण २०२४ मध्ये गूगलने तो बेत सोडला. त्यामुळे क्रोममध्ये हे काम तुम्हालाच करावं लागेल. सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त ते आहे.

टीव्हीचं प्रकरण वेगळं आहे. पुष्कळ स्मार्ट टीव्ही पडद्यावर काय चाललं आहे ते थोड्या थोड्या वेळाने टिपतात आणि कंपनीकडच्या साठ्याशी ताडून पाहतात, अगदी सेट-टॉप बॉक्सवरून चाललेली वाहिनीसुद्धा. नवा टीव्ही लावताना आपण घाईघाईने ‘ॲग्री’ दाबत जातो, त्यात ही परवानगी गेलेली असते. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी’ किंवा ‘टर्म्स’ अशा नावाखाली ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन’, ‘इंटरेस्ट-बेस्ड ॲडव्हर्टायझिंग’ असे शब्द दिसतील. दोन्हींची परवानगी काढून घ्या. टीव्ही त्यामुळे बिघडत नाही, वाहिन्याही जात नाहीत.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर गूगलसारखं एकच बटण नाही. ‘अकाउंट्स सेंटर’मधल्या ‘ॲड प्रेफरन्सेस’मध्ये जाऊन जाहिरातदारांकडून आलेली माहिती वापरायला नकार द्या. तसंच ‘ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज’मध्ये, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या बाहेर तुम्ही काय केलं त्याच्या नोंदींत, जुनी नोंद पुसून पुढचीही तोडा. एखादी जाहिरात परत दिसलीच, तर तिच्यावरच्या तीन ठिपक्यांत ‘व्हाय ॲम आय सीइंग धिस ॲड’ वाचा. कधी कधी कारण असं निघतं की जाहिरातदाराने ग्राहकांची यादी चढवली आहे आणि तीत तुमचा नंबर आहे. आईंच्या औषधांच्या आणि साहित्याच्या बिलावर तुम्ही किती ठिकाणी मोबाइल नंबर सांगितला, आठवून पाहा. बिलासाठी नंबरचा आग्रह धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ च्या मे महिन्यात दुकानदारांना कळवलं आहे. काउंटरवर शांतपणे ‘नंबर देणार नाही’ म्हणा, बिल मिळतं.

आता फोन ऐकतो का? सेटिंग्जमध्ये माइकची परवानगी कोणत्या ॲप्सना आहे ते पाहा आणि विनाकारण दिलेली काढून घ्या. माइक चालू असला की नव्या अँड्रॉइडवर वरच्या कोपऱ्यात हिरवी आणि आयफोनवर केशरी खूण दिसते. पण तुमच्या बाबतीत मला दुसरीच शक्यता मोठी वाटते. गादी देऊन टाकायची ठरल्यावर तुमच्यापैकी कुणीतरी ‘पाण्याची गादी पुण्यात कुठे देता येईल’ असं शोधलं असेल. यंत्रणेला इतकंच कळतं की या घरात पुन्हा कुणीतरी गादी शोधतंय. ती घ्यायची आहे की द्यायची, हे तिला कळत नाही. आपल्या पेठांमध्ये आणि उपनगरांत रुग्णसाहित्य वापरायला देणाऱ्या संस्था आहेत. ओळखीच्या डॉक्टरांना विचारा आणि सरळ फोन करून गादी देऊन टाका.

मुलीचं काम त्यामानाने सोपं आहे. तिच्या खात्यावरची जन्मतारीख खरी आहे ना, एवढं पाहा. पुष्कळ पालक खातं उघडताना वय वाढवून टाकतात. अठरा वर्षांखालच्यांना आवडीनिवडी पाहून जाहिराती दाखवणं थांबवत असल्याचं गूगलने २०२१ मध्ये जाहीर केलं, पण वय खोटं असेल तर ते संरक्षण तिला मिळत नाही. आपल्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. ती तेरा वर्षांची आहे, तेव्हा हे बदल तिला शेजारी बसवून, कारण सांगून करा.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. जाहिरातींची संख्या कमी होणार नाही. कीर्तनाच्या मध्ये अगरबत्तीची, मसाल्याची, गाडीची जाहिरात येतच राहील. वॉकरची जाहिरातही एखाद्या वेळी सगळ्यांना दिसते तशी तुमच्याकडे दिसू शकेल. ती तुमच्या घराच्या मागावर नसेल, एवढंच. शिवाय सगळं एका रात्रीत थांबत नाही, आमच्याकडे टीव्हीचं झाल्यावरही दहा-बारा दिवस गेले. तोपर्यंत बाबांचं कीर्तन आधी उतरवून पेन ड्राइव्हवरून किंवा रेडिओवर ऐकवता आलं तर पाहा.

टीव्हीवरचे पर्याय सापडले नाहीत, तर टीव्हीच्या मागच्या चिठ्ठीवरचा मॉडेल नंबर मासिकाच्या पत्त्यावर कळवा. नेमकं कुठे काय दाबायचं ते मी तुम्हाला वेगळं लिहून पाठवीन, पुढच्या अंकाची वाट पाहायला नको.