सुगंधाचे प्रश्न : उन्हाळ्यात व्हॅनिला

प्रश्न : माझा व्हॅनिला-संत्र्याचा परफ्यूम सकाळी ताजातवाना वाटतो, पण दुपारी नुसता गोडमिट्ट होऊन डोकं दुखतं. उन्हाळ्यात तो बंदच करावा का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : मुळीच नको. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन हे सुगंधी द्रव्य १७६ अंश सेल्सिअसला उकळतं आणि व्हॅनिलाला वास देणारं व्हॅनिलिन २८५ला. त्यामुळे अंगाच्या उष्णतेने संत्रं आधी उडून जातं, अर्ध्या-पाऊण तासात मागे उरतो तो एकटा व्हॅनिला. दुपारी पुन्हा तोच परफ्यूम मारला की आधीच्या व्हॅनिलावर आणखी एक थर चढतो. डोकं दुखतं ते बहुधा याच थरामुळे.

म्हणून व्हॅनिला दिवसातून एकदाच मारा. आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करा, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा आणि वीतभर अंतरावरून दोनच फवारे मारा, तेही पोटावर किंवा गुडघ्यांच्या मागे. गळ्यावर नको, तिथून वास थेट नाकात जातो. दुपारी ताजेपणा हवा असेल तर साधं लिंबाचं कोलोन रुमालावर घ्या. अंगावरचा व्हॅनिला तिथेच असतो, त्याला वरून फक्त आंबटपणाची जोड मिळते. गेर्लां या फ्रेंच परफ्यूम कंपनीच्या १९२५ सालच्या ‘शालिमार’ परफ्यूममध्येही गोड व्हॅनिलाला बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचीच भरपूर साथ आहे. ही जोडी खरोखर सुरेख जमते.

नवी बाटली घेताना कागदाच्या पट्टीवर भरवसा ठेवू नका. मनगटावर मारून तासभर बाहेर फिरा आणि उरलेला वास आवडला तरच घ्या. नारळ किंवा नेरोली (संत्रावर्गीय फुलांचं तेल) असलेले व्हॅनिला उकाड्यात जास्त सुसह्य वाटतात, असं आमचं मत.

प्रश्न : पांढऱ्या कुर्त्यावर व्हॅनिला परफ्यूम फवारल्याच्या जागी पिवळट-तपकिरी डाग पडलेत. परफ्यूम खराब झालाय का?

उत्तर : नाही. व्हॅनिलिन हवा, उजेड आणि उष्णता लागली की रंग बदलतं. बाटलीतला द्रवही त्यामुळेच हळूहळू गडद होतो, वास ठीक असेल तर बिनधास्त वापरा. फिकट कपड्यांवर मात्र मारू नका. मारला गेलाच तर त्याच दिवशी धुऊन भरपूर पाण्यात खळबळा आणि डाग जाईपर्यंत इस्त्री फिरवू नका. बाटली खोक्यात घालून कपाटात ठेवा. बाथरूम आणि गाडीचा डॅशबोर्ड या दोन्ही जागा वाईट.

प्रश्न : केकचा व्हॅनिला इसेन्स अंगाला चालेल?

उत्तर : नको. तो खाण्यासाठी बनवलेला असतो, काहींत साखरही असते. अंग चिकट होतं, मुंग्या लागतात आणि वासही फार टिकत नाही.