कथा लिहायच्या असतील तर बाकीचे छंद सोडावेत का?

तुमचा प्रश्न मला असा कळला: दुसऱ्या वर्षाला आहात, कथा लिहिता, शिवाय गिटार, बुद्धिबळ, स्केचिंग आणि मधूनच ट्रेकिंग. घरचे म्हणतात, 'एक ना धड, भाराभर चिंध्या.' तेव्हा लेखन मनापासून करायचं तर बाकीचं सोडून द्यावं का?

मी तिसऱ्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. चिंध्या माझ्याकडेही कमी नाहीत: कथालेखन, तबला, बुद्धिबळ, आकाशदर्शन. मधे वर्षभर फोटोग्राफीही होती. माझा अनुभव असा की छंद लेखनाच्या आड येत नाहीत. छंदाला लेखनाच्या कामाला जुंपलं की मात्र दोन्हीचं वाटोळं होतं. हे मला एक कथा सपशेल फसल्यावर कळलं.

ती कथा एका तबलजीची होती. बोटाला दुखापत झालेली, वाजवणं बंद. मला वाटलं, हा तर आपला हातखंडा विषय! मग काय, झपतालाच्या दहा मात्रा, त्यांचे 2-3-2-3 असे विभाग, कायदा, रेला, पलटे असे वादनाचे प्रकार, जे जे शिकले होते ते सगळं कोंबलं. नऊ पानं झाली. मैत्रिणीला वाचायला दिली. ती म्हणाली, "माहिती छान आहे गं." कथेला याहून वाईट शेरा मी अजून ऐकलेला नाही.

दोन महिने ती तशीच पडून राहिली. मग एकदा रियाज संपवून डग्गा, म्हणजे जोडीतला डाव्या हाताचा तबला, पुसताना लक्ष गेलं, की मनगट सरकतं तिथे हाताला लावलेल्या पावडरचा पांढरट पट्टा उमटलाय. मनगटाच्या रुंदीचाच. रोज दिसणारी गोष्ट, पण मी ती कधी पाहिलीच नव्हती. नव्या खर्ड्यात तो तबलजी महिन्यांनी डग्ग्यावरची खोळ काढतो, तो पट्टा बघतो, पुसायला फडकं उचलतो आणि न पुसताच खोळ परत चढवतो. एकही बोल नाही, तालाचं नावही नाही. चार पानांत कथा झाली. कथेसाठी काहीतरी मिळवायचं म्हणून मी तबल्याला बसले असते तर तो पट्टा मला दिसला नसता, कारण माझं लक्ष सापडण्याजोग्या, सांगण्याजोग्या गोष्टींवर राहिलं असतं.

छंदाचे वाईट संस्कारही होतात, तेही सांगते. तबल्यात 'तिहाई' असते: एकच बोल तीनदा वाजतो आणि शेवटचा 'धा' नेमका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर पडतो. ऐकणारा मान डोलावतो. माझ्या कथांचे शेवट वर्षभर असेच होत होते: एक वाक्य, पुन्हा तेच, पुन्हा तेच, धा. मला ते फार थोर वाटायचं! आता शेवटच्या परिच्छेदात काही तीनदा आलं, की आधी दोनदा खोडते.

बुद्धिबळानं मात्र निव्वळ फायदा केला. तिथे नियम आहे, आपलं मोहरं खेळायच्या इराद्यानं हातात घेतलं की तेच खेळावं लागतं. मी हा नियम खर्ड्यांना लावला. कथेचं पहिलं पान लिहिलं की ती पूर्ण करायचीच, वाईट झाली तरी चालेल. त्याआधी माझ्या वहीत अकरा सुरुवाती होत्या आणि शेवट एकाही कथेला नव्हता. दुसरं म्हणजे स्पर्धेत प्रत्येक चाल लिहून ठेवावी लागते, त्यामुळे हरल्यावर डाव नेमका कुठे घसरला ते शोधता येतं. मीही जुना खर्डा पुसून त्यावरच नवा लिहीत नाही. तारीख घालून वेगळा ठेवते. तबलजीच्या कथेचे पाच खर्डे आहेत आणि तिसऱ्यात मी कुठे वाहवत गेले ते आज बोट ठेवून दाखवता येईल.

आकाशदर्शनाबद्दल एकच सांगते. देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे 25 लाख प्रकाशवर्षं दूर आहे, तरी अंधाऱ्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनी दिसते. अट अशी की डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं द्यायची आणि मग नजर तिच्यावर न रोखता जराशी बाजूला ठेवायची. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या अगदी मधोमध नसतात, कडेला असतात, म्हणून थेट पाहिलं की तो पुसट डाग गायब होतो. आणि मधेच कुणी मोबाइल पाहिला, की पुन्हा पहिल्यापासून. तबलजीच्या दुःखाकडे थेट न बघता डग्ग्याकडे बघायचं धाडस मला यातून आलं की नाही, ते छातीठोक सांगता येणार नाही. पण लिहायला बसताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायची सवय नक्की इथलीच.

घरी सांगायला एखादं मोठं नाव हवं असेल तर नाबोकोव्ह आहेत. कादंबरीकार म्हणून जगाला माहीत, पण बुद्धिबळाची कूटंही रचायचे आणि 1940 च्या दशकात हार्वर्डच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात फुलपाखरांवर काम करत होते. निळ्या फुलपाखरांचा एक गट आशियातून टप्प्याटप्प्यानं अमेरिका खंडात आला असावा, असा अंदाज त्यांनी 1945 मध्ये मांडला. 2011 मध्ये डीएनएच्या अभ्यासातून तो खरा ठरला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून केलेलं हे काम. कादंबरीला खाद्य हवं म्हणून कुणी एवढं करत नाही, त्यांना फुलपाखरांचंच वेड होतं.

वेळेचं म्हणाल तर माझं वेळापत्रक काही आदर्श नाही. सकाळी चाळीस मिनिटं लेखन, ते शक्यतो चुकवत नाही. तबला आठवड्यातून तीनदा, बुद्धिबळ रविवारी, आकाश ढग ठरवतील तसं. परीक्षेच्या महिन्यात सगळं बंद, फक्त रोज एक वाक्य, दिवसात पाहिलेल्या कुठल्यातरी एका गोष्टीबद्दल. चारही छंद एकाच आठवड्यात सारखे चालले पाहिजेत हा हट्ट सोडला तेव्हा निम्मा ताण गेला.

आणि हो, फोटोग्राफी मी सोडली. कॅमेरा हातात घेतला की फोटो टाकल्यावर लोक काय म्हणतील, हाच विचार आधी यायचा. समोरचं झाड नंतर. वेळ पुरत नव्हता म्हणून नाही, मन लागत नव्हतं म्हणून सोडली. तुमच्या चारांत असा एखादा असेल तर तो जाऊ द्या. गिटार आहे का तो, की ट्रेकिंग, हे मला इथून कसं कळणार?

तुम्ही प्रश्नात ओझरतं लिहिलंय की गेल्या पावसाळ्यापासून एक कथा अर्धवट पडली आहे. काय सोडायचं ते ठरवण्याआधी ती पूर्ण करा. हातात घेतलेलं मोहरं आहे ते.