तिखट वाक्ये गाळावीत का?

प्रश्न : आमच्या बचत गटात मी आपल्याच जिल्ह्यातील ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्री-पुरुष तुलना'तील काही पाने वाचून दाखवली. बायका मनापासून हसल्या. पारावरची मंडळी मात्र म्हणाली की ही शिवीगाळ आहे, तिखट वाक्ये गाळून वाचा. उपरोध आणि शिवीगाळ यांतला फरक कसा ओळखावा?
– एक अंगणवाडी सेविका, मेहकर तालुका

उत्तर : एकही वाक्य गाळू नका. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला आपल्या नवजात बाळाच्या हत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. पण त्या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीवर जी टीका सुरू झाली, तिला ताराबाईंनी १८८२ मध्ये बुलडाण्याहून हे उत्तर दिले. पुस्तकाच्या पूर्ण नावातच 'स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण' असा सवाल आहे. इथे साहस म्हणजे शौर्य नव्हे, तर अविचाराचे दुष्कृत्य. आणि हा शब्द त्यांनी स्त्रीला संशयांचा भोवरा व साहसांचे नगर म्हणणाऱ्या एका जुन्या संस्कृत श्लोकातून उचलला आहे. त्या श्लोकातला एकेक दोष घेऊन तो पुरुषांच्या अंगी किती आहे, हे त्या थेट पुरुषांनाच विचारतात. बायको मेली तर नवरा दुसरी करतो, मग नवरा मेल्यावर बाईनेच जन्मभर का कोंडून घ्यावे, हा त्यांचा मुद्दा आहे. रागाचा शब्द बाजूला केल्यावरही उत्तर द्यावेच लागेल असा प्रश्न मागे उरतो का, एवढे पाहिले की आपण विचारलेला फरक कळतो. शिवीत तसे काही उरत नाही.

त्यांची सगळीच मते आज पटतील असे नाही. पण भाषेवरचा आक्षेप त्या काळीही घेतला गेला होता, आणि जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेतून ताराबाईंची बाजू घेतली होती.

याहून वेगळी रीत १९७० च्या सुमारास अमेरिकेतील जूडी सायफर्स यांच्या लेखात दिसते. स्वतः पत्नी असलेली ही बाई 'मला बायको हवी' असे म्हणत बायकोकडून अपेक्षित कामे आवाज न चढवता मोजत जाते, आणि ती यादीच आरोप होऊन बसते. आपल्या गटात हा प्रयोग जरूर करावा : कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटेची चूल, पाणी, पोरांचे डबे, दिवसभर वावर आणि रात्रीची भांडी यांतले एकेक काम एकेकीने सांगावे, आणि प्रत्येक वाक्य 'मला अशी बायको हवी' या शब्दांनी सुरू करावे. तरीही मला स्वतःला ताराबाईंचा मार्ग अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यांच्यासमोर सहमत असलेला वाचकवर्ग नव्हता. ज्यांच्याशी भांडण होते त्यांनाच त्या 'तुम्ही' म्हणून बोलत होत्या.

पुढच्या वाचनाला पारावरच्या मंडळींनाही बोलवा, प्रत्येक प्रश्नापाशी थांबा, आणि त्यांचे उत्तर ऐकून मगच पान उलटा.