वंदनेच्या पुस्तकावरून वाचायला शिकवू का?

प्रश्न: ताई, आम्ही नागपूरला इंदोऱ्यात राहतो, मुलगी 5 वर्षांची, मुलगा 7 चा, दोघंही घरीच शिकतात. मैत्रीण बायबलवर आधारलेला इंग्रजी रीडिंग कोर्स वापरते, छान आहे, पण आम्ही बौद्ध. वंदनेच्या पुस्तकावरूनच वाचन शिकवू का? मुलीला त्रिशरण पाठच आहे.

उत्तर: पाठ आहे म्हणजे वाचता येतं असं नाही ना, तेच आधी बघा. त्रिशरणातली ‘बुद्धं सरणं गच्छामि’ ही ओळ लिहा, मधल्या ‘सरणं’वर बोट ठेवा आणि हे काय म्हणून विचारा, ती पहिल्यापासून म्हणत आली तर ते पाठांतर. शिवाय त्या एवढ्याशा ओळीत द्ध, च्छ अशी जोडाक्षरं, वर अनुस्वार, 5 वर्षांच्या पोरीला हे फार लवकर होतं, त्यामुळे वंदना रोज म्हणायला ठेवा, वाचायला नको. वाचनात आधी साधी अक्षरं, मग काना, वेलांटी, जोडाक्षरं शेवटी, कोर्स कुठल्याही धर्माचा असो, हा क्रम नसेल तर मी तरी घेणार नाही.

गोष्टी मात्र खुशाल जातकातल्या, म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या कथांमधल्या घ्या! तुम्ही वाचून दाखवा आणि त्यातलीच दोन-चार सोपी वाक्यं पोरांना मोठ्या अक्षरात लिहून द्या, ‘ससा वनात राहत होता’ एवढीच. मुलगा मोठा आहे, त्याला दीक्षाभूमीवर नेलं की पाट्या स्वतः वाचू द्या, 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथेच, आपल्या नागपुरात दीक्षा घेतली हे तो मग कशाला विसरतोय. मैत्रिणीच्या कोर्समधला आवाज आणि अक्षर जोडायचा सराव इंग्रजीसाठी जरूर वापरा, फक्त गोष्टी आपल्या घाला.